नकाराचा हक्क

प्रेमकथा म्हटली की आपल्याला नायिकेचा होकार आठवतो. पण आपल्याकडे मुलींना आधी नकारासाठी झगडावे लागले.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात, असा निकाल मुंबईच्या न्यायालयाने १८८७ साली दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि नंतर त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

१८९९ साली देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले. लोभी बाप शारदेला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. तरुण कोदंड ते लग्न मोडतो. १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटातली नीरा मात्र कुणाची वाट पाहत नाही. फसवून लावलेले लग्न ती स्वतःच झिडकारते.

आपण कुवेतकर महिन्याभराच्या रजेत स्थळे पाहून साखरपुडाही उरकतो. तिकिटाची तारीख पुढे ढकलता येते. घाईतला होकार मागे घेणे अवघड जाते. मुलीला, आणि मुलालाही, मोकळेपणाने 'नाही' म्हणता येईल एवढी सवड आपण द्यायला हवी.