सिंहलद्वीपांतील एका दांपत्याची पायपीट

महाराष्ट्रांत लंकेचें नांव ठाऊक नाहीं असें घर सांपडावयाचें नाहीं. पण तें ऐकतांच डोळ्यांपुढें उभी राहते ती रावणाची सोन्याची नगरी. खरी लंका निराळीच आहे. किनाऱ्यालगत नारळीच्या बागा व भातखाचरें, मधोमध आठ हजार फुटांपर्यंत चढत गेलेले डोंगर, आणि त्या डोंगरांच्या कुशींत, १८१५ सालापर्यंत स्वतंत्र राहिलेलें कँडीचें राज्य. या मुलखांतून १९०३ ते १९०६ या सालांत एक जोडपें हिंडत होतें. कधीं बैलगाडीनें, पण डोंगरवाटांनीं बहुतेक पायींच. सरकारी दप्तरांत हें हिंडणें खडकांसाठीं होतें. हातीं लागलें तें मात्र वेगळें.

पति आनंद केंटिश कुमारस्वामी. त्यांचा जन्म कोलंबोस २२ ऑगस्ट १८७७ रोजीं झाला. वडील सर मुत्तु कुमारस्वामी हे तमिळ हिंदु, विलायतेंत बॅरिस्टर झालेले; आई एलिझाबेथ बीबी इंग्रज. मूल दोन वर्षांचें होण्यापूर्वींच वडील वारले व तें आईजवळ इंग्लंडांत वाढलें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत भूगर्भशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकून १९०० सालीं कुमारस्वामी पदवीधर झाले. १९०२ च्या जूनमध्यें त्यांनीं एथेल मेरी पार्ट्रिज यांच्याशीं विवाह केला. एथेलबाई डेव्हन परगण्यांतील बार्न्स्टेपल गांवच्या, नवऱ्याहून पांच वर्षांनीं वडील. त्यांचा भाऊ दागिने घडविणारा, ॲशबी यांच्या ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ या कारागीरमंडळांतला. यंत्रानें वस्तु स्वस्त होते पण ती घडविणारा माणूस तिच्यांतून नाहींसा होतो, असें त्या मंडळींचें म्हणणें. एथेलबाई सिलोनला निघाल्या त्या हा विचार बरोबर घेऊनच.

सिलोनच्या खनिज-सर्वेक्षण खात्याचे संचालक म्हणून कुमारस्वामींची नेमणूक झाली होती. हें काम कचेरींत बसून होणारें नव्हे. ओढ्याच्या पात्रांतली वाळू पाहावयाची, दरडी उकरावयाच्या, ग्राफाइटच्या खाणींत उतरावयाचें. सबरगमुव प्रांतांत बलंगोडाच्या आसपास रत्नें शोधणारे लोक जी रेती धुवीत, तींत एक काळा, जड, चौकोनी कणांचा दगड निघे. त्याची परीक्षा होऊन तें नवेंच किरणोत्सर्गी खनिज ठरलें व १९०४ सालीं त्याला थोरियानाइट हें नांव मिळालें. ग्यासबत्तीच्या मेंटलसाठीं थोरियम लागत असल्यामुळें व्यापारी लोकांचेही डोळे तिकडे वळले. १९०६ सालीं लंडन विद्यापीठानें कुमारस्वामींना सिलोनच्या भूगर्भविषयक कामाबद्दल डॉक्टरची पदवी दिली. एवढ्यावर कोणीही संतुष्ट झाला असता.

पण खडकांच्या मागें जाणारा माणूस खेड्यांत मुक्काम केल्यावांचून राहूं शकत नाहीं. आगगाडी कँडीपर्यंत १८६७ सालींच पोंचली होती. तींतून जाणाऱ्याला दिसत ते गोऱ्या मळेवाल्यांचे चहाचे मळे. पायवाटेनें जाणाऱ्याला दिसत ती माणसें. मातळे भागांत लाखकाम करणारा कारागीर तापलेल्या लाखेचा तंतु ओढून तो आंगठ्याच्या नखानें काठीवर बसवितो, हत्यार म्हणून दुसरें कांहीं वापरीत नाहीं. दुम्बर भागांतले किन्नर जातीचे लोक रानांतल्या नियंदाचा वाख काढून, तो रंगवून चटया विणतात. देवळांत ढोल वाजविणारे बेरवा हेच कापडही विणीत. एम्बेक्के येथील देवालयाच्या लांकडी खांबांवर हंस, मल्ल, नर्तकी कोरलेल्या आहेत.

बुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधि तर विलक्षणच. मूर्ति सर्वांगानें पुरी झाली तरी डोळे रेखाटले जाईपर्यंत ती मूर्ति नव्हे. चित्रकार तिच्याकडे पाठ करतो, आरशांत पाहून खांद्यावरून कुंचला मागें नेतो आणि डोळे काढतो. उघडणाऱ्या नेत्रांशीं दृष्टादृष्ट होणें घातक मानलें आहे. मग डोळे झांकून त्याला बाहेर आणतात आणि प्रथम जी वस्तु दिसेल तिच्यावर तो तरवारीचा घाव घालतो. कुमारस्वामींनीं हा सारा प्रकार तपशिलानें लिहून ठेवला आहे.

या नोंदींत एथेलबाईंचा वांटा किती, हें पुष्कळांस माहीत नसतें. त्या नुसत्या सोबतीस गेलेल्या नव्हत्या. भरतकामाचे टांके, कापडाची वीण, दागिन्यांची घडण हीं त्यांनीं बारकाईनें पाहिलीं, टिपणें केलीं, नमुने जमविले, छायाचित्रें घेतलीं. जुन्या सिंहली भरतकामावर त्यांनीं स्वतंत्र लेखही लिहिला. शास्त्रज्ञ नवऱ्यास घडीव दगडाची भाषा येत होती. टांका कसा घेतला आहे तें ओळखण्यास दुसरी नजर लागते, आणि ती घरांत होती.

दोघांना जें दिसलें तें मोडकळीस आलेलें होतें. कँडीच्या राजाच्या अमदानींत कारागिराला जमीन मिळे व तिच्याबद्दल तो राजाची किंवा देवळाची चाकरी करी; वस्तूची किंमत त्यानें बाजारांत मागावयाची नव्हती. १८१५ सालीं राजा गेला, १८३२ सालीं सक्तीची राजसेवाही रद्द झाली. सक्ती गेली हें इष्टच. ती निव्वळ सुखाची होती असें त्या काळच्या शेतकऱ्यानें म्हटलें नसतें, आणि कुमारस्वामींनीं जुन्या व्यवस्थेचें चित्र कांहींसें उजळ रंगांत काढलें आहे हेंही मान्य केलें पाहिजे. पण त्या सक्तीबरोबर कारागिराचा आश्रय गेला, आणि त्याच्या जागीं मँचेस्टरचें कापड आलें. सुशिक्षित सिंहली घरांत विलायती पोशाख हा प्रतिष्ठेचा विषय झाला होता. १९०५ सालीं कुमारस्वामींनीं या उसन्या पिसांवर एक पुस्तिका लिहिली, जुन्या इमारतींच्या हेळसांडीबद्दल कँडीच्या सरदारांना अनावृत पत्र धाडलें आणि सिलोन सामाजिक सुधारणा मंडळाचें अध्यक्षपद घेतलें. खडक पाहावयास आलेला माणूस आतां लोकांशीं भांडूं लागला होता.

१९०६ अखेर त्यांनीं नोकरी सोडली व हिंदुस्थानांतून प्रवास करीत हीं दोघें १९०७ मध्यें इंग्लंडला परतलीं. ब्रॉड कॅम्पडन येथें एका पडक्या नॉर्मन प्रार्थनामंदिराची ॲशबींनीं डागडुजी करून त्याचें राहतें घर केलें होतें. तेथें, विल्यम मॉरिस यांनीं ज्या हातयंत्रावर चॉसरची प्रत छापली त्याच यंत्रावर, सप्टेंबर १९०७ पासून डिसेंबर १९०८ पर्यंत सव्वा वर्ष खपून ‘मीडिइव्हल सिंहलीज आर्ट’ हा ग्रंथ छापला गेला. प्रती अवघ्या ४२५. यंत्रानें मारलेल्या कारागिरांचा वृत्तान्त हातानेंच छापला पाहिजे, हा त्यांतला हट्ट होता. मुखपृष्ठावर नांव एकाचेंच आहे.

संसार मात्र पुढें टिकला नाहीं. कांहीं वर्षांतच दोघें विभक्त झालीं. कुमारस्वामी १९१७ सालीं अमेरिकेंत बोस्टनच्या कलासंग्रहालयांत गेले, हिंदी कलेचे भाष्यकार म्हणून जगभर गाजले आणि ९ सप्टेंबर १९४७ रोजीं तिकडेच निवर्तले. एथेलबाईंनीं १९१३ मध्यें फिलिप मेरे यांच्याशीं दुसरा विवाह केला आणि स्वतः माग हातीं धरला. १९१६ सालीं वनस्पतींपासून रंग काढण्यावर त्यांनीं पुस्तक लिहिलें. ससेक्समधील डिच्लिंग गांवीं विणकामाची शाळाच उभी केली. झाडपाल्याच्या रंगांत सूत बुडवून हातमागावर कापड विणण्याची कला त्यांच्याजवळ शिकण्यास दूरदूरचीं माणसें येत. १९३७ सालीं ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९५२ सालीं डिच्लिंगलाच त्या वारल्या.