नाचऱ्या डब्याची कुळकथा

१९३० च्या दशकात स्टॅनफर्डच्या विल्यम हॅन्सन यांनी तांब्याचा एक पोकळ डबा केला. त्यात विद्युतलहरी कोंडल्या की त्या घुमत राहत. रुंबा नाच आठवून त्यांनी त्याला नाव दिलं ‘रुंबाट्रॉन’. पुढे हा डबा क्लायस्ट्रॉन नावाच्या निर्वात नळीतून रडारमध्ये गेला, मग कणांना वेग देणाऱ्या यंत्रांत.

डब्याची प्रत ठरते ती एकदा वाजवल्यावर तो किती वेळ घुमतो यावर. भिंतीतला विद्युतरोध लहर खात असतो. म्हणून १९६० च्या दशकात स्टॅनफर्डलाच, रोध जवळजवळ नसलेले, अतिसंवाहक डबे आले: आधी तांब्यावर शिशाचा मुलामा, मग नायोबियम. (मुलाम्याची ती रीत मुंबईतही आहे, कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या त्वरकाचे डबे तसेच आहेत.)

१९८३ मध्ये पिएर सिकिवी यांनी या डब्याला वेगळंच काम सांगितलं. विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य ‘ॲक्सिऑन’ नावाच्या कणांचं असेल, तर प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांतले काही सूक्ष्मलहरी होतील आणि नेमक्या सुराचा डबा त्यांना साद देईल. (ॲक्सिऑन हे नाव फ्रँक विल्चेक यांनी धुलाईच्या पावडरीवरून उचललं. बारशांच्या बाबतीत ही मंडळी मोकळी!) सूर मात्र कुणालाच ठाऊक नाही. डबा एकेका सुरावर लावत शोधायचं. जास्त घुमणारा डबा म्हणजे कमी वर्षं.

मग अतिसंवाहक का नाही? कारण चुंबक. काही टेस्लांच्या क्षेत्रात शिसं आणि नायोबियम आपला गुणच गमावतात. अशा क्षेत्रात टिकणाऱ्या अतिसंवाहकांतही ते बारीक धाग्यांनी शिरतं. लहर ते धागे हलवते, त्यात ऊर्जा जाते. त्यामुळे ॲक्सिऑन शोधणाऱ्या अमेरिकेतल्या एडीएमएक्स प्रयोगाने वर्षानुवर्षं तांब्यावरच भागवलं.

तोड निघाली ती वैऱ्याच्याच घरातून. चुंबकांच्या तारा ज्या नायोबियम-टायटॅनियमच्या करतात, त्याच मिश्रधातूचा लेप ॲक्सिऑनच शोधणाऱ्या इटलीतल्या क्वॅक्स गटाने डब्याला दिला आणि २ टेस्लांत तो चालवला. दक्षिण कोरियातल्या कॅप या ॲक्सिऑन-संशोधन केंद्राने वायबीसीओ या अतिसंवाहकाची फीत घेतली. तीही प्रबळ चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी वापरतात. तिचा डबा ८ टेस्लांतही तांब्याहून कितीतरी जास्त घुमला.

फीत चपटी, डबा गोल. म्हणून त्यांनी डबा संत्र्यासारखा उभा फोडला, १२ फोडींना आतून फिती लावल्या आणि पुन्हा जोडला. शोधासाठी वापरतात त्या सुरात भिंतीतला प्रवाह उभाच वाहतो, सांधा ओलांडत नाही, म्हणून सांध्यांनी घुमणं घटत नाही.