व्यासपीठावाचून वक्तृत्व : कारंजा–आष्टी–पवनार परिसरातील लोकभाषणाचा एक विचार

मराठी वक्तृत्वाचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे आपली दृष्टी सहजच मुंबई-पुण्याकडे वळते. १८४८ साली मुंबईत स्थापन झालेली ज्ञानप्रसारक सभा आणि तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, १८५७ साली समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी केलेले जाहीर वादविवाद, १८७५ पासून पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, आणि निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वक्तृत्वावर लिहिलेला निबंध, हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. हा क्रम खोटा नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की वक्तृत्व ही इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली, सभागृह, अध्यक्ष, खुर्च्या आणि टाळ्या यांच्या सोबतीने वाढलेली कला आहे, आणि ती खेड्यात पोहोचली ती शहरातून झिरपत पोहोचली. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची परीक्षा एका लहानशा टापूच्या आधारे करावयाची आहे.

तो टापू म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील कारंजा (घाडगे) आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून सर्वज्ञात आहे. संत्र्यांच्या बागांचे हे दुसरे कारंजे मात्र अभ्यासकांच्या लेखी बहुधा नागपूर–अमरावती मार्गावरचा एक थांबा एवढेच असते. पण हा मार्गच आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारंज्याहून याच वाटेने पश्चिमेस गेले की तळेगाव (श्यामजीपंत) लागते, पुढे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा सुरू होतो, आणि तिवसा तालुक्यात मोझरी येते. तळेगावच्या बाजूसच आष्टी आहे. दक्षिणेस वर्ध्याच्या अंगाला पवनार आणि सेवाग्राम. १८६२ साली नागपुरातून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा दीर्घकाळ वर्धा, आर्वी व हिंगणघाट अशा तीन तहसिलींचा होता, आणि कारंजा व आष्टी या दोन्ही गावांचा समावेश आर्वी तहसिलीत होई. नदीच्या अलीकडे भोसल्यांच्या राज्यातून आलेली मालगुजारी पद्धत, पलीकडे निजामाकडून आलेल्या वऱ्हाडातील रयतवारी. प्रांताची भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी. अशा सरमिसळीच्या मुलखात ज्याला लोकांशी बोलावयाचे होते, त्याला पुण्याच्या व्याख्यानमालेची प्रमाण मराठी फारशी उपयोगी पडण्यासारखी नव्हती.

येथे बोलण्याची जी परंपरा आधीपासून होती ती कीर्तनाची. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या पदाच्या आधारे तत्त्वनिरूपण, उत्तररंगात त्याला साजेसे आख्यान. विचार आधी, दृष्टांत नंतर, आणि शेवटी पुन्हा मूळ पदावर येणे ही त्याची घडण इतकी पक्की आहे की पुष्कळ मराठी वक्त्यांची भाषणे नकळत याच साच्यात पडलेली दिसतात. परंतु या घडणीत श्रोता बव्हंशी ऐकणाराच राहतो. हा साचा मोडला तो गाडगेबाबांनी, आणि तो का व कसा मोडला याकडे भाषणकलेच्या अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही.

गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. त्यांना शालेय शिक्षण लाभले नव्हते. गावात यावे, हाती खराटा घेऊन दिवसभर रस्ते झाडावे आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तनास उभे राहावे, हा त्यांचा परिपाठ प्रसिद्ध आहे. याकडे आपण सामान्यतः साधुत्वाची खूण म्हणून पाहतो. वक्तृत्वाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक अत्यंत व्यवहार्य सूत्र आहे. बोलावयास उभा राहण्यापूर्वी वक्त्याने दिवसभर गाव पाहिलेले असे: कोणाच्या दारी घाण आहे, कोणाकडे लग्नाच्या कर्जाचे ओझे आहे, कोणत्या देवापुढे बकरे कापतात. आणि गावानेही वक्त्याला पाहिलेले असे. ग्रीक अलंकारशास्त्रात वक्त्याच्या चारित्र्याला प्रमाणाचे स्थान दिलेले आहे. आरिस्टॉटलने मात्र ते प्रमाण भाषणातूनच सिद्ध झाले पाहिजे असे मानले. शेंडगावच्या या माणसाने ते भाषणाच्या आधीच, खराट्याने सिद्ध केले.

दुसरी गोष्ट प्रश्नोत्तरांची. गाडगेबाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत. प्रश्न सोपा असे, उत्तर होय किंवा नाही एवढेच असे, आणि ते साऱ्या समुदायाने मोठ्याने द्यावयाचे असे. चार-पाच उत्तरे ओळीने देऊन झाली की सहावा प्रश्न असा येई की आधीच्या उत्तरांना धरून राहावयाचे तर आपल्याच एखाद्या रूढीविरुद्ध कबुली द्यावी लागे. सॉक्रेटिसाच्या संवादांशी या पद्धतीची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती तुलना अर्धीच खरी आहे. सॉक्रेटिस एका माणसाला निरुत्तर करतो आणि बाकीचे पाहतात. येथे सारा गाव एकदमच उत्तर देतो, त्यामुळे कोणा एकाची मानहानी होत नाही. सावकार, कर्जदार, दारू पिणारा आणि दारू विकणारा एकाच मांडवात बसलेले असताना ही दक्षता किती मोलाची आहे हे ज्याने ग्रामसभा पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

या पद्धतीविषयी आपण अंदाजाने बोलत नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. पोलिसांच्या ठाण्यात, मुंबईच्या श्रोत्यांपुढेही त्यांनी आपली वऱ्हाडी बोली सोडली नाही. ध्वनिमुद्रणात जे ऐकू येते ते छापील संहितेत सापडत नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधील थांबा, एकच वाक्य वाढत्या आवाजात पुन्हा म्हणणे, हशा ओसरण्यापूर्वीच पुढचा गंभीर मुद्दा मांडणे, यांतच त्या कीर्तनाचे सामर्थ्य आहे. मौखिक वाङ्मयाचा अभ्यास छापील पानांवरून करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्वनिमुद्रण एकदा तरी शांतपणे ऐकावे.

मोझरीचा मार्ग निराळा होता. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी १९३५ च्या सुमारास तेथे गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरीच्या ठेक्यावर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतः रचलेली भजने म्हणणे हे त्यांचे मुख्य साधन. दोन भाषांचा हा वापर प्रांताच्या स्वरूपाला धरूनच होता. गाडगेबाबा समुदायाकडून उत्तर मागत. तुकडोजींनी समुदायाला एक स्वर दिला. १९३६ साली ते सेवाग्रामी गांधीजींच्या सहवासात राहिले होते, आणि सामुदायिक प्रार्थनेवरील त्यांचा भर पुढे उत्तरोत्तर वाढत गेला. १९५५ च्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ‘प्रचारमहिमा’ आणि ‘भजनप्रभाव’ असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत, यावरून आपले साधन ते किती जाणीवपूर्वक वापरीत होते हे दिसून येते. प्रचारकाचे वागणे आणि बोलणे यांत अंतर पडले तर प्रचार उलटतो, ही त्यांची धारणा गाडगेबाबांच्या खराट्यापासून फार दूर नाही.

परंतु सामुदायिक स्वराचे सामर्थ्य मोजावयाचे तर ते केवळ ग्रामसफाईत मोजून भागणार नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टी येथे जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले आणि जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूर येथेही असाच प्रकार घडला. दोन्ही ठिकाणी तुकडोजींच्या भजनांचा प्रभाव होता असे सरकारचे मत पडले, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांना अटक करून तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे आष्टी-चिमूर खटल्यांतील फाशीच्या शिक्षा कमी होऊन जन्मठेपेवर आल्या. त्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी केलेली खटपट प्रसिद्ध आहे. चिमुरातील अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले.

राष्ट्रीय इतिहासलेखनात आष्टीचा उल्लेख हौतात्म्याच्या संदर्भात येतो, आणि ते योग्यच आहे. भाषणाच्या इतिहासकाराला मात्र येथे अडून बसावे लागते. भजनात जे शब्द होते ते आणि ठाण्यापुढे जे घडले ते, यांच्यामधील संबंध सरकारने कारणकार्याचा मानला, तर भक्तांनी तो केवळ स्फूर्तीचा मानला. दोघांनाही आपापल्या सोयीचे उत्तर हवे होते. मला असे वाटते की एकस्वर झालेल्या समुदायात ‘नाही’ म्हणण्याची जागा आक्रसते, आणि म्हणूनच अशा वाणीची जबाबदारी प्रश्नोत्तरी वाणीपेक्षा अधिक असते. तुकडोजींचे स्वातंत्र्योत्तर कार्य प्रार्थना, श्रमदान आणि ग्रामरचना यांकडे वळले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यामागे आष्टीची आठवण कितपत होती हा मात्र तर्काचाच भाग राहील.

पवनारचे प्रकरण याहून निराळे. विनोबा १९२१ साली वर्ध्यास आले आणि १९३८ पासून पवनारला राहू लागले. त्यांची वाणी आपणांस मुख्यतः गीताप्रवचनांतून परिचित आहे. ही प्रवचने १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. म्हणजे ग्रंथात आपण जे वाचतो ते एका वक्त्याचे बोलणे आणि एका भावनाशील लेखकाची लेखणी यांच्या संयोगातून आलेले आहे. श्रोते कैदी होते आणि त्यांत शिकलेले-न शिकलेले सर्व प्रकारचे लोक होते. शास्त्रार्थ घरगुती दृष्टांतांनी उलगडण्याची जी हातोटी तेथे दिसते ती अशा श्रोतृवर्गाने घडविलेली आहे.

याच पवनारला १७ ऑक्टोबर १९४० रोजी एक असे भाषण झाले की ज्यात भाषण हाच अपराध होता. वैयक्तिक सत्याग्रहाची मागणी युद्धाविरुद्ध बोलण्याच्या स्वातंत्र्याची होती, आणि गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. युद्धकार्यास माणसे वा पैसा देऊ नये एवढाच त्याचा आशय. चार दिवस ते बोलत राहिले. २१ तारखेस अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा लागली. प्रभावी वक्त्यांची काँग्रेसमध्ये वाण नव्हती. तरीही ज्याच्या बोलण्यात उत्तेजन देण्याचा अंश सर्वांत कमी, अशा माणसाला बोलण्याच्या हक्कासाठी पुढे करण्यात आले. हक्क सिद्ध करावयाचा असेल तर भाषणातून आवेशाचा आधार काढून घेतला पाहिजे, असा त्या निवडीचा अर्थ मी लावतो. आणि आष्टी त्यानंतर दोन वर्षांच्या आतच घडले!

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आदल्या दिवशीच्या धर्मांतराची कारणे मराठीतून सविस्तर उलगडून सांगितली. ते भाषण याच विभागातील, पण त्याची घडण विधिज्ञाच्या युक्तिवादाची आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा. येथे एवढेच नोंदवितो की प्रतिपक्षाचे आक्षेप आपण होऊन मांडणे आणि त्यांना उत्तर देणे ही रीत अल्पशिक्षित विराट समुदायापुढेही चालते, हे त्या दिवशी दिसून आले.

आता या साऱ्याचा नित्याच्या कामकाजाशी संबंध. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवक नावाचा एक नवा वक्ता खेड्यात आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींतून स्त्रियांच्या राखीव जागा आल्या. कारंज्यासारख्या तालुक्यात आज ज्यांना कामाचा भाग म्हणून चारचौघांत बोलावे लागते त्यांत सरपंचबाई, शिक्षक, सहकारी संस्थेचे सचिव आणि आरोग्यसेविका यांची संख्या पुढाऱ्यांहून कितीतरी अधिक आहे. त्यांच्या प्रशिक्षणात मात्र उभे कसे राहावे, हात कसे ठेवावे, प्रारंभी सुभाषित कोणते म्हणावे असलाच उपदेश बहुधा आढळतो. फवारणी, लसीकरण वा पाणीपट्टी यांविषयी बोलणाऱ्याला सुभाषिताचा काय उपयोग? त्याला लागते ती दिवसभर गाव पाहिल्याची तयारी, उत्तर येईपर्यंत थांबण्याचा धीर, आणि आपली बोली न टाकण्याचे धैर्य. हे धडे शिकविणारे आचार्य याच रस्त्यावर होऊन गेले.

विनोबांच्या वाणीचा एक उत्तरकालीन प्रसंग नोंदविला पाहिजे. १९५१ पासून भूदानयात्रेत वर्षानुवर्षे गावोगाव पायी हिंडून बोललेल्या या माणसाने २५ डिसेंबर १९७४ रोजी पवनारला एक वर्षाचे मौन धारण केले. मौन चालू असतानाच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, आणि ‘अनुशासनपर्व’ हा त्यांचा एकच शब्द बाहेर पडून सरकारी प्रचारात सर्वत्र झळकला. वक्ता मौनात होता, आणि त्या वातावरणात श्रोत्यांनाही उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की सत्ताधाऱ्यांचे ते शासन, आणि अनुशासन असते ते आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले. तोवर तो शब्द सहा महिने भिंतींवर होता.