काडतुसाचे पितळ
काडतुसाचे पितळ ही सुमारे ७०% तांबे व ३०% जस्त यांची मिश्रधातू होय. रायफलच्या काडतुसाची पुंगळी हिच्यापासून करतात. गोळी झाडताना पुंगळी प्रसरण पावते. ती पुन्हा वापरण्यासाठी हौशी नेमबाज तिला साच्यात दाबून मूळ मापात आणतात. वारंवार असे केल्याने पितळ कठीण व ठिसूळ होऊन पुंगळीची मान तडकते. अनुशीतनाने (तापवून मऊ करण्याने) मान टिकते. बूड मात्र कठीणच राहावे लागते. ते नरमले तर फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

अंतर्गत ताण असलेल्या पितळाला अमोनियानेही तडे जातात. ब्रिटिश भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसे अशीच तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये उलगडले. त्यामुळे पुंगळ्या उजळताना अमोनियायुक्त पॉलिश टाळतात.