मंडळी म्हणजे कोण?



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने ह्या व्यासपीठावर यावे आणि बोनस, महागाईभत्ता सोडून सोळाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती पंथाविषयी बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते नगरवाचनालयाच्या बाकावर. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा अधिकारी तर मुळीच नाही. पण गेली तीस वर्षे माणसे एकत्र बांधण्याचेच काम मी केले आहे. त्यात दोन प्रश्नांनी मला कधी स्वस्थ बसू दिले नाही. माणसांचा घोळका आणि माणसांची संघटना यांत फरक तो कोणता? आणि संघटनेतल्याच माणसाने वचन मोडले, तर त्याचे काय करायचे? ह्या प्रश्नांची उत्तरे जिवावर उदार होऊन शोधणारी, आणि शोधता शोधता पुष्कळदा चुकलेलीही, माणसे मला मेनोनाइटांच्या इतिहासात भेटली. म्हणून आजचा हा विषय.

प्रथम शब्दाचा खुलासा करू. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा आणि घंटा उभी राहते. मराठी बायबलाने मात्र मूळ अर्थाला फार नेमका शब्द योजला आहे, तो म्हणजे ‘मंडळी’. आपल्या गावचा ख्रिस्ती गृहस्थ ‘आमच्या मंडळीत’ म्हणतो, तेव्हा तो दगडविटांविषयी बोलत नसतो, माणसांविषयी बोलत असतो. मेनोनाइटांचे सारे म्हणणे ह्या एका शब्दात मावते. वास्तू म्हणजे मंडळी नव्हे. धर्मगुरूंची उतरंड म्हणजे मंडळी नव्हे. अमक्या राजाच्या मुलखात जन्मले म्हणून मोजले गेलेले सारे रहिवासी, तीही मंडळी नव्हे. ज्यांनी कळत्या वयात आपल्या तोंडाने होकार दिला आणि एकमेकांच्या वागण्याची जबाबदारी पत्करली, ती मंडळी.

आज हे ऐकायला साधे वाटते. पाचशे वर्षांपूर्वी एवढ्यासाठी माणसे नदीत बुडवली जात होती.

त्या काळच्या युरोपात मूल जन्मले की काही दिवसांतच त्याचा बाप्तिस्मा होई, आणि त्याच पाण्याने ते धर्माच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही दप्तरांत दाखल होई. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात उल्रिख झ्विंग्लीने धर्मसुधारणेचा झेंडा उभारला, तेव्हा कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्त्स असे काही तरुण त्याच्याभोवती जमले. पण झ्विंग्ली प्रत्येक पाऊल नगरपरिषदेचा कल पाहून टाकतो, हे ह्या तरुणांना रुचेना. धर्माची बाब परिषदेच्या ठरावासाठी का थांबावी, असे ते विचारू लागले. आणि जे अर्भक हो म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही, त्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा कसा?

जानेवारी १५२५ मध्ये जाहीर वादविवाद झाला आणि परिषदेने निकाल दिला. आठ दिवसांच्या आत आपल्या मुलांचा बाप्तिस्मा करा, नाहीतर शहर सोडा. त्या महिन्याच्या २१ तारखेला ही मूठभर माणसे मान्त्सच्या घरी जमली. जॉर्ज ब्लाउरॉक नावाचा पूर्वीचा धर्मगुरू उठला आणि त्याने ग्रेबेलपाशी बाप्तिस्मा मागितला. ग्रेबेल काही दीक्षित धर्मगुरू नव्हता, तरी त्याने तो दिला. मग ब्लाउरॉकने बाकीच्यांना दिला. ना मंदिर, ना वेदी, ना सरकारची परवानगी. विरोधकांनी त्यांना ‘ॲनाबाप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, असे नाव ठेवले. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे की आमचा हाच पहिला, आधीचा झालाच नव्हता.

५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकच्या परिषदेने मान्त्सला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवले. १५२९ साली स्पायर येथे भरलेल्या साम्राज्याच्या सभेने अशा बाप्तिस्म्याला देहान्ताची शिक्षा ठरवली. कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट राजे एरवी एकमेकांचे हाडवैरी, पण ह्या एका बाबतीत त्यांचे एकमत झाले. मला ह्यात विशेष काही वाटत नाही. दोन कारखानदारांचे आपसात कितीही वाकडे असो, युनियनचे नाव निघाले की ते एका बाकावर येऊन बसतात, हे मी पाहिलेले आहे. राज्यकर्त्यांची भीती पाण्याची नव्हती. जन्माने आपोआप हाती येणारी प्रजा उद्या ‘आधी मला विचारा’ म्हणू लागली तर, ही ती भीती होती.

बाहेरून असा मार बसत असताना आतली घडी बसवणे भाग होते. २४ फेब्रुवारी १५२७ रोजी श्लाइटहाइम गावी एक गुप्त बैठक भरली. मिखाएल साट्लर हा पूर्वीचा मठवासी त्यात प्रमुख. तेथे सात कलमे मान्य झाली. बाप्तिस्मा कळत्या माणसालाच. प्रभुभोजनाची भाकर एकदिलाने मोडायची. जगाच्या दुष्ट व्यवहारापासून अलग राहायचे. पाळक मंडळीनेच निवडायचा. तलवार धरायची नाही. शपथ घ्यायची नाही, कारण खऱ्या माणसाचे ‘होय’ पुरेसे असते. आणि एक कलम बहिष्काराचे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत साट्लरला हालहाल करून जाळण्यात आले आणि त्याच्या पत्नीला नेकार नदीत बुडवण्यात आले.

बहिष्काराच्या कलमावर मी अंमळ थांबतो, कारण सारी गोम तेथे आहे. तलवार टाकून दिली, तुरुंग टाकून दिला, तर शिस्त कशी राखायची? त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला क्रम धरला. भावाचे चुकले तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा आणि चारचौघांपासून दूर त्याला सांग. नाही ऐकले, तर एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांड. तेथेही नाही ऐकले, तरच त्याला बाहेरचा समज. फटके नाहीत, बेडी नाही. शेवटची शिक्षा एवढीच की आता आपण एका पंगतीला बसत नाही. आणि परतीचा दरवाजा उघडा.

ह्या वाटेने सगळे गेले नाहीत. १५३४ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात ह्याच मताच्या काही लोकांनी सत्ता हाती घेतली. बाप्तिस्मा घ्या, नाहीतर थंडीत शहराबाहेर पडा, असे त्यांनी रहिवाशांना फर्मावले. सक्तीच्या बाप्तिस्म्याविरुद्ध उठलेले लोक दुसऱ्यांवर बाप्तिस्म्याची सक्ती करू लागले! पुढे त्यांचा एक राजा झाला, बहुपत्नीकत्व आले, वेढा आला, उपासमार आली, आणि जून १५३५ मध्ये बिशपच्या फौजेने शहर घेऊन कत्तल केली.

ह्या राखेतून जो माणूस उभा राहिला, त्याचे नाव पंथाला मिळाले. मेनो सिमन्स हा नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातला कॅथॉलिक धर्मगुरू. जन्म १४९६ चा. १५३१ साली लेउवार्डेन येथे एका शिंप्याचा दुसऱ्या बाप्तिस्म्यासाठी शिरच्छेद झाला, हे ऐकून तो चमकला आणि पोथ्या उलगडू लागला. मत बदलले, पण नोकरी सुटेना. मग १५३५ साली बोल्सवर्डजवळच्या एका मठात शस्त्र घेऊन शिरलेले कित्येक लोक मारले गेले. त्यांत त्याचा भाऊही असावा असे मानतात. मेनोने पुढे कबूल केले आहे की, ह्या भाबड्या लोकांचे रक्त माझ्या काळजाला चटके देत राहिले, कारण मला सत्य कळत होते आणि मी सुखाची भाकर मोडत बसलो होतो. १५३६ च्या जानेवारीत त्याने पद सोडले. पुढची पंचवीस वर्षे बायकामुलांसह गावोगाव लपतछपत, विखुरलेल्या आणि घाबरलेल्या माणसांना तो गोळा करत राहिला. त्याला पकडून देणाऱ्यास १५४२ साली शंभर गिल्डरांचे इनाम जाहीर झाले होते. तरीही १५६१ साली तो अंथरुणावर मेला, हे एक नवलच.

ही मंडळी कशी माणसे घडवत होती, ते डिर्क विलेम्सच्या गोष्टीवरून दिसते. हॉलंडातल्या आस्पेरेनच्या कैदेतून तो निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून आत पडला. डिर्क मागे फिरला आणि त्याने शिपायाला बाहेर ओढून काढले. शिपाई त्याला सोडून द्यायला तयार होता. पण नगराधिकाऱ्याने काठावरून ओरडून त्याला त्याच्या शपथेची आठवण दिली. डिर्क पकडला गेला, आणि १६ मे १५६९ रोजी जाळला गेला. शपथ नको असे ही माणसे का म्हणत होती, ते ह्या गोष्टीने मला जसे समजले तसे कोणत्याही प्रवचनाने समजले नसते.

पण श्रोतेहो, केवळ हुतात्म्यांची गाथा सांगितली तर तो इतिहास होणार नाही. जो बहिष्कार तलवारीच्या जागी आला, त्यालाच पुढे धार चढली. १५५० नंतरच्या दशकात एम्डेन शहरातल्या एका स्त्रीच्या नवऱ्याला मंडळीने बहिष्कृत केले. तिनेही नवऱ्याशी संबंध तोडावा असा हुकूम झाला. तिने नकार दिला, तेव्हा तिलाच बहिष्काराची धमकी देण्यात आली. मेनोने प्रथम ह्या कठोरपणाला विरोध केला, पण सहकाऱ्यांच्या दडपणापुढे अखेर तो नमला. सौम्य मताचे लोक वेगळे झाले. पुढे १६९३ साली याकोब आमान ह्याने ह्याच प्रश्नावर फूट पाडली, आणि अमेरिकेत घोडागाडीतून हिंडणारे आमिश लोक त्याच फुटीतून आले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. १९९८ साली आमच्याकडे यंत्रमाग कामगारांचा संप चालू होता. एकोणिसाव्या दिवशी आमचा एक सभासद मागच्या दाराने रात्रपाळीला गेला. आम्ही सभा घेतली. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, त्याच्या दारात कोणी जायचे नाही, असे ठरले. फलक मी माझ्या हाताने लिहिला. त्याची मुलगी दवाखान्यात होती, हे मला तो गाव सोडून गेल्यावर कळले. संप फोडणे चूक होते, ते आजही मी चूकच म्हणतो. पण त्या क्रमातली पहिली पायरी, एकट्याने त्याच्या घरी जाऊन ‘बाबा रे, काय झाले?’ असे विचारण्याची, आमच्यापैकी एकानेही चढली नाही. आम्ही सगळे एकदम शेवटच्या पायरीवर उभे होतो.

दुसरी ठेच सुबत्तेची. राणी कॅथरिनच्या आमंत्रणावरून मेनोनाइट कुटुंबे १७८९ पासून दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, वसली. लष्करी नोकरीतून सूट मिळाली आणि वसाहतींचा कारभारही त्यांच्याच हाती आला. शेत मोठे, आणि त्याची वाटणी करायची नाही असा नियम. लोकसंख्या वाढली, तशी १८६० च्या सुमारास मोलोचना वसाहतीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भूमिहीन झाली. ग्रामसभेत मत फक्त जमीनधारकाला! बाप्तिस्मा घेतलेला भाऊ, भाकर एका ताटातली, पण मत नाही. शेवटी झारच्या सरकारला मध्ये पडावे लागले. बाप्तिस्माही लग्नाआधी उरकायचा विधी होऊन बसला होता. ज्यांनी जन्माने येणारे सभासदत्व नाकारले होते, त्यांच्या नातवंडांना ते जन्मानेच मिळू लागले. त्याच असंतोषातून १८६० साली ‘मेनोनाइट ब्रदरन’ ही नवी मंडळी निघाली आणि मनापासूनचा होकार पुन्हा मागू लागली.

आपल्याशीही ह्या लोकांचा दूरचा संबंध आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकन मेनोनाइट मदत घेऊन आले आणि १८९९ साली त्यांनी छत्तीसगडातल्या धमतरीला ठाणे केले. तेथली मंडळी आजही आहे. जगभर ह्या परंपरेचे बाप्तिस्मा घेतलेले सुमारे २१ लाख सभासद आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतले. झुरिकच्या त्या घरात जमलेल्यांना हे सांगून खरे वाटले नसते.

२०१० साली स्टुटगार्ट येथे जागतिक लूथरन महासंघाने पूर्वजांनी केलेल्या छळाबद्दल मेनोनाइटांची उघड क्षमा मागितली, आणि त्यांनी ती दिली. पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ लागला, पण कोणीतरी उठून दुसऱ्याच्या दारी गेले.

मघाशी मी दोन प्रश्न मांडले होते. पहिल्याचे उत्तर मला मिळाले आहे. होकार विचारून घेतला असेल तर संघटना, नाहीतर घोळका. दुसऱ्याचे उत्तर मेनोनाइटांनाही पुरते साधले नाही, मला तर नाहीच. मात्र आता कोणाचे नाव फलकावर लिहायची वेळ आली, की मी आधी चपला घालतो आणि त्याचे घर कोठे आहे ते विचारतो.