पांझरेच्या पात्रातील नळ : एका व्हिक्टोरियाकालीन इंजिनिअराच्या कारकीर्दीचा आरंभ

धुळ्याचे जुने गाव पांझरेच्या दक्षिण तीरावर आणि देवपूर उत्तर तीरावर वसलेले आहे. साक्री तालुक्यातील डोंगराळ प्रदेशात उगम पावून पूर्वेकडे धुळ्यापर्यंत येणारी ही नदी पुढे उत्तरेस वळून तापीस मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र वाळूचे आणि लहान धारेचे असते. पावसाळ्यात मात्र तिचे रूप क्षणात पालटते. इ. स. १८७२ च्या पुराने धुळ्यातील घरादारांची मोठी हानी केली होती. त्यानंतर बारा वर्षांनी याच नदीवर एका तरुण इंजिनिअराच्या कारकीर्दीचा आरंभ झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव म्हैसूर राज्याशी जोडण्याची रूढी आहे, व ती अयोग्यही नव्हे. परंतु त्यांच्या नोकरीची पहिली चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली, आणि त्या खात्याच्या सामर्थ्याची व मर्यादेची ओळख त्यांस प्रथम खानदेशात झाली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

व्हिक्टोरियाकालीन इंजिनिअराच्या कारकीर्दीचा एक ठरीव साचा होता. शिक्षण व उमेदवारी स्वदेशी, कर्तृत्व परदेशी आणि सन्मान पुन्हा स्वदेशी. जेम्स जॉन बर्कली हा त्याचा ठळक नमुना होय. लंडनमध्ये १८१९ साली जन्मलेला हा गृहस्थ रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या हाताखाली तयार झाला, १८५० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईस आला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग त्याच्या देखरेखीखाली सुरू झाला. बोरघाटाच्या सुमारे पावणेसोळा मैलांच्या चढणीत १,८३१ फूट उंची गाठावयाची होती व त्यासाठी २५ बोगदे खणावे लागले. १८६१ साली त्या कामावर सुमारे ४२,००० मजूर खपत होते. पटकीने व अपघातांनी त्यांतील कित्येक दगावले. घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. बर्कली मात्र प्रकृती ढासळून मायदेशी परतला होता व १८६२ मध्येच निवर्तला. त्याने आखलेला ईशान्येचा फाटा थळघाट चढून चाळीसगाव, जळगाव व भुसावळ या वाटेने पुढे गेला. धुळे त्या मार्गापासून बाजूस राहिले. चाळीसगावाहून धुळ्यास आगगाडी येण्यास १९०० साल उजाडावे लागले.

बर्कलीच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठाच्या स्थापत्य परीक्षेत एक पारितोषिक देण्यात येत असे. १८८३ साली ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातून प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या विश्वेश्वरय्या यांना मिळाले. घाट फोडणाऱ्या इंग्रज इंजिनिअराच्या नावाचे पारितोषिक म्हैसूर दरबारच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पडले, यात त्या काळाचे एक वचन दडलेले होते : परीक्षेत जो श्रेष्ठ ठरेल त्यास धंद्याचे दार मोकळे राहील. प्रथम क्रमांकाच्या उमेदवारास सरकार नोकरीही देत असे. त्याप्रमाणे १८८४ साली असिस्टंट इंजिनिअर म्हणून विश्वेश्वरय्या नाशकास रुजू झाले व लवकरच खानदेशात आले.

साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. या रचनेस सायफन म्हणतात. पाणी एका काठाला नळात उतरते, तळाखालून जाते आणि दुसऱ्या काठाला, प्रवेशाच्या पातळीपेक्षा किंचित खाली, आपल्याच दाबाने वर येते. तत्त्व सोपे, पण नळासाठी चर खणावयाचा तो नदीच्या तळात. पाणी चढले की चर गाळाने व वाळूने भरून जातो. पावसाने व्यत्यय येऊ लागताच विश्वेश्वरय्या यांनी काम काही काळ तहकूब ठेवावे असे वरिष्ठांस लिहिले. वरिष्ठांनी त्यात नदीविषयीची सूचना न वाचता हुकुमाविषयीची नाराजी वाचली. तरुण अधिकाऱ्याने वाद वाढविला नाही. काम पुन्हा हाती घेऊन तडीस नेले. १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, म्हणजे सहासष्टाहून अधिक वर्षांनंतर, त्यांनी हा लहानसा प्रसंग आवर्जून नमूद केला. कचेरीतील कागद आणि नदीचे पात्र यांतील अंतर त्यांस तेथे प्रथम मोजावे लागले, हे त्याचे कारण दिसते.

ज्या नदीवर हे घडले तिच्यावर पाण्याची दुसरी एक व्यवस्था शतकानुशतके चालू होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी नेण्याच्या या पद्धतीस फड पद्धत म्हणतात. बंधाऱ्याच्या भिजणाऱ्या क्षेत्रास थळ, थळाच्या विभागास फड आणि पाटातून फडाकडे जाणाऱ्या उपपाटास सारंग अशी तिची परिभाषा आहे. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे, दरवर्षी फडांची पिके पाळीने बदलावयाची, आणि शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असावयाची, म्हणजे उसाचा लाभ व कोरडवाहू पिकाचा तोटा सर्वांस सारखा. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागले, त्यांवर देखरेखीस हवालदार. शिस्त येथेही कडक होती. मात्र तिचा उगम गावकीच्या संमतीत होता, कचेरीत नव्हे.

विश्वेश्वरय्या यांची पुढील कारकीर्द नद्यांच्या काठाने गेली. १८९५ साली सक्कर येथे सिंधूचे गढूळ पाणी निवळून शहरास पुरविण्याची योजना त्यांनी पुरी केली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली बसविण्यात आले. पाण्याची पातळी ठराविक मर्यादेवर गेली की ते आपोआप उघडत, आणि त्यामुळे धरण न वाढविता सुमारे आठ फूट अधिक पाणी साठविता येऊ लागले. १९०६ साली ते एडनला गेले. त्या रुक्ष ठाण्यास पाणी देण्यासाठी त्यांनी उत्तरेस सुमारे अठरा मैलांवर असलेल्या लाहेजच्या प्रदेशातील नदीपात्र सुचविले. वाळूखालच्या पाण्याचा हा शोध पांझरेकाठी उमेदवारी केलेल्या माणसास अपरिचित नव्हता.

याच काळात त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत मांडली. कालव्याखालील जमिनीचे गट पाडून, प्रत्येक गटात उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून पिकांची पाळी बांधून देणे हे तिचे सूत्र होते. पाणी अनेक गावांत वाटले जावे व एकाच ठिकाणी साचून जमीन पाणथळ होऊ नये, हा तिचा हेतू. फड आणि ब्लॉक यांचे साम्य उघड आहे. दोहोंत पाण्याची वाटणी पिकाच्या पाळीने होते. भेदही तितकाच महत्त्वाचा. फडातील पाळी ज्यांना पाणी मिळावयाचे त्यांनीच ठरविलेली, ब्लॉकातील पाळी खात्याने आखलेली. शेतकऱ्यांनी प्रारंभी संशय घेतला तेव्हा विश्वेश्वरय्या यांनी त्यांच्या सभा घेऊन योजना समजावून दिली. एकेकाळी स्वतः वरून आलेल्या हुकुमाचे ओझे वाहिलेल्या अधिकाऱ्यास संमतीची किंमत कळली होती, असे म्हणावयास हरकत नाही. तरी निर्णयाचा अधिकार मात्र गावाकडे परतला नाही.

तोच अधिकार, दुसऱ्या टोकाला, त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही नाकारला गेला. १९०७ पर्यंत ते सुपरिंटेंडिंग इंजिनिअर झाले होते. त्यावरील मुख्य इंजिनिअराच्या पदावर इलाख्यात हिंदी माणूस नेमण्याचा प्रघात नव्हता. १९०८ साली त्यांनी आपण होऊन सेवानिवृत्ती पत्करली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले व युरोपच्या प्रवासात असताना त्यांस निजाम सरकारचे बोलावणे आले. १९०९ साली म्हैसूरने त्यांस मुख्य इंजिनिअर केले आणि १९१२ ते १९१८ ते तेथील दिवाण होते. १९११ साली आरंभलेल्या कृष्णराजसागर धरणावर पुढे खडकवासल्याच्याच धर्तीचे दरवाजे बसले.

बर्कलीचे कर्तृत्व परमुलखात घडले आणि सन्मान मायदेशी झाला. विश्वेश्वरय्या यांच्या बाबतीत हा साचा वरवर तसाच दिसतो, पण त्याचा अर्थ उलटा आहे. इंग्रज इंजिनिअरास परदेशी सर्वोच्च पद मिळे, ते स्वदेशी लाभतेच असे नसे. विश्वेश्वरय्या यांस इंग्रजी मुलखातील गुणवत्तेची सर्व प्रमाणपत्रे मिळाली, पद मात्र संस्थानाने दिले. बर्कलीच्या नावाच्या पारितोषिकाने दिलेले वचन परीक्षागृहात पाळले गेले, नदीच्या पात्रातही पाळले गेले. मुख्य कचेरीच्या दारात ते मोडले.