रात्री दिसणारे तारे खरंच ‘मेलेले’ असतात का? दूरच्या दीर्घिका इतक्या जुन्या का दिसतात?

सूर्यास्ताच्या रीलवर एक वाक्य हमखास असतं: ‘तुम्ही बघताय तो सूर्य ८ मिनिटांपूर्वीच बुडालाय.’ आणि रात्रीच्या आकाशाचा फोटो असेल तर, ‘यातले बहुतेक तारे केव्हाच मेलेत.’ दोन्ही वाक्यं ऐकायला भारी आहेत. शेअरही जोरात होतात. पण दोन्हींत गडबड आहे.

आधी सूर्याचं बघू. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणून त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. इथपर्यंत बरोबर. पण डहाणूच्या किनाऱ्यावर सूर्य मावळतो तो पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. प्रकाश एका क्षणात पोचला असता, तरी सूर्यास्त जवळपास त्याच वेळी झाला असता. ८ मिनिटं जुनं असतं ते सूर्याचं रूप. आत्ता त्याच्यावर एखादा भडका उडाला, तर तो आपल्याला ८ मिनिटांनी दिसेल.

गंमत म्हणजे, बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सूर्य खरोखरच क्षितिजाखाली गेलेला असतो! पण ती करामत हवेची. वातावरणातून येताना किरण वाकतात आणि बिंब वर उचललेलं दिसतं. त्या ८ मिनिटांचा याच्याशी संबंध नाही.

मग तारे?

प्रकाश एका वर्षात जितकं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, अभिजित २५ वर. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे हजारेक प्रकाशवर्षांच्या आत आहेत, थोडे काही हजारांवर. ताऱ्याचं आयुष्य मात्र लाखो, कोटी, अब्ज वर्षांचं असतं. हजार वर्षं जुना फोटो बघितला म्हणून त्यातला तारा मेला, असं होत नाही. मृग नक्षत्रातल्या काक्षीचा स्फोट होणार हे नक्की, पण त्याला अजून एक लाख वर्षंही लागू शकतात. थोडक्यात, तुम्हाला दिसणारे जवळपास सगळे तारे आजही जिवंत आहेत.

मेलेल्या ताऱ्याची बातमी उशिरा येते हे मात्र खरं. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत तारा फुटलेला दिसला. तो स्फोट झाला होता सुमारे १ लाख ६८ हजार वर्षांपूर्वी.

तलासरीतून दिसणारी २५ लाख वर्षं जुनी गोष्ट

यासाठी दुर्बीण लागत नाही, अंधार लागतो. हायवेच्या दिव्यांपासून दूर, उधव्याच्या बाजूला कुठेतरी, नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री ९च्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करा. चंद्र नसलेली रात्र निवडा. शर्मिष्ठेचे तारे इंग्रजी ‘एम’सारखे दिसतील. त्यांच्या बऱ्याच वर, डोक्याकडे झुकलेला एक पुसट ढगासारखा ठिपका शोधा. ती देवयानी दीर्घिका. तिथून २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज तुमच्या डोळ्यात शिरतोय. तो निघाला तेव्हा आपली मानवजात पृथ्वीवर यायला अजून २० लाखांहून जास्त वर्षं होती.

त्यात पुन्हा एक गुंता. देवयानी आपल्याला तिरकी दिसते आणि ती प्रचंड मोठी आहे. त्यामुळे तिच्या जवळच्या कडेचा प्रकाश आणि पलीकडच्या कडेचा प्रकाश यांच्या वयात लाखभर वर्षांचा फरक असतो. म्हणजे एकाच फोटोत दोन वेगवेगळे काळ.

पुण्यातून सापडलेली ‘अलकनंदा’

उशिरा येणारा प्रकाश ही अडचण वाटते, पण शास्त्रज्ञांसाठी तो खजिनाच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. तिचा शोधनिबंध २०२५ मध्ये आला. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून हिला नाव दिलं अलकनंदा.

तिचा प्रकाश १२ अब्ज वर्षांहून जास्त काळ प्रवास करतोय. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे आपल्याला ती दिसते तेव्हा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं होतं. इतक्या कोवळ्या विश्वात दीर्घिका ओबडधोबड असणार, असं मानलं जात होतं. हिला मात्र दोन रेखीव बाहू आहेत. दीर्घिकांना असा घाट यायला किती वेळ लागतो, याचा हिशोब आता पुन्हा मांडावा लागणार.

हे वय कळतं कसं? डहाणू-तलासरीकरांना एक जवळचं उदाहरण चालेल. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. भूकंपमापकावर आधी वेगवान लहर पोचते, मग मागून संथ लहर. दोघींमधल्या वेळेवरून धक्का किती लांब झाला ते काढतात. म्हणजे उशीर हीच माहिती. प्रकाशात अशा दोन लहरी नसतात, पण दुसरी खूण असते. वाटेत विश्व प्रसरण पावत असल्यामुळे प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात आणि लाल रंगाकडे सरकतात. ताण जितका जास्त, तितका प्रवास लांबचा. अलकनंदेचा प्रकाश सुमारे ५ पट ताणला गेलाय. तिच्या ताऱ्यांचा डोळ्यांना दिसेल असा प्रकाश इथे पोचेपर्यंत अवरक्त झालेला असतो, आणि जेम्स वेब नेमका तोच टिपते.

मग ती १२ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे का?

बातम्यांत तसंच छापतात, पण ते प्रकाशाच्या प्रवासाचं वय आहे. प्रकाश चालत असताना मधली जागाही पसरत होती. त्यामुळे अलकनंदा आज सुमारे २४ अब्ज प्रकाशवर्षांवर असेल. आज ती कशी दिसते, याचं उत्तर कुठल्याच दुर्बिणीकडे नाही. तिचे बाहू टिकले असतील, किंवा दुसऱ्या दीर्घिकेशी टक्कर होऊन मोडलेही असतील. तिथून आज निघणारा प्रकाश पृथ्वीपर्यंत कधीच पोचणार नाही, कारण मधलं अंतर त्याच्यापेक्षा वेगाने वाढतंय.